करीमचाचांनी परत मागितलेली पुडी

करीमचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुकुंदवाडीत, बाबांच्या छापखान्यात, पाण्याच्या मोर्चाच्या पत्रकाचं मुद्रित तपासत होते. चाचांच्या शेजारचा मुलगा बोलत होता. "दीदी, चाचा गुजर गये. सुबे छाती में दुखा बोले... दवाखान्यापर्यंतबी नाही पोचले." मी बाबांना सांगितलं. बाबांनी हात पुसले आणि मशीन बंद केलं. आमचं मशीन आजवर दोनच कारणांनी थांबत आलंय, वीज गेली म्हणून किंवा पोलीस आले म्हणून. त्या दिवशी ते चाचांसाठी थांबलं.

दुसऱ्या दिवशी छावणीत त्यांच्या गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागला. फोटोत चाचांच्या मनगटावर एक घार बसलेली आणि चाचा तिच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसे कौतुकानं बघताहेत. वर लिहिलं होतं, 'पाखरांचा डॉक्टर हरपला'. खाली लहान अक्षरांत, 'चाचांची पिवळी पुडी ही गल्ली कधीच विसरणार नाही'. ती ओळ वाचून मी मान खाली घातली. कारण आयुष्यातले शेवटचे तीन उन्हाळे चाचांनी याच एका कामात घालवले होते... गल्लीनं ती पिवळी पुडी विसरावी म्हणून. त्यांना ते जमलं नाही. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या मलाही जमलं नाही. या पुरवणीच्या वाचकांपैकी कोणाच्या घरात ती पुडी असेल, तर माझं सांगणं शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

चाचा गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखम धुणं, पट्टी बांधणं, बैलाचं मुसकं धरून ठेवणं ही त्यांची नोकरी. बाबांची आणि त्यांची ओळख कर्मचाऱ्यांच्या कुठल्याशा संपात झाली आणि संप मिटल्यावरही टिकली. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झालेली मुलगी. मुळाक्षरं मी 'एकजुटीचा विजय असो'मधून शिकले. आमच्या घरी येणारी सगळी मोठी माणसं भाषण करत, अगदी चहात साखर कमी आहे हेही भाषणासारखं सांगत. एकटे करीमचाचा गप्प बसायचे. म्हणून मला ते फार आवडायचे. संक्रांतीत मांजानं पंख कापलेलं कबूतर मला छापखान्याच्या पत्र्यावर सापडलं, तेव्हा बाबांनी मला सायकलवर बसवून त्यांच्याकडे नेलं. चाचांनी ते मांडीवर घेतलं, बारीक सुईनं टाके घातले आणि पाण्याच्या वाटीत पिवळ्या पावडरीची चिमूट टाकली. "ही काय आहे?" मी विचारलं. "कोंबड्याची दवा हाय बेटा. आता याला काय बी व्हत नाय." कोंबड्यांच्या शेडवाल्यांकडून ती त्यांना फुकट मिळायची. ती अँटिबायोटिक होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. जखमी घार असो, उन्हानं पडलेली साळुंकी असो, डोळा फुटलेला कावळा असो, सगळ्यांना तीच चिमूट. काही जगायची, काही मरायची. जगलेली उडून जाताना सगळी गल्ली बघायची. मेलेली फक्त जुबेदाचाचीला दिसायची, कारण अंगणातल्या कडुलिंबाखाली खड्डा खणायचं काम तिच्याकडं असे.

मग ते दुष्काळाचे उन्हाळे आले. शहर चहूकडं पसरत होतं, रस्ता रुंद करायचा म्हणून जुनी झाडं जात होती, आणि नळाला पाणी येण्याच्या दिवसाची लोक सणासारखी वाट पाहत होते. घरोघरी निळे ड्रम आले. पाखरं गच्च्यांवर चोच उघडी टाकून पडायला लागली. मी तेव्हा कॉलेजात होते. 'पाखरांना पाणी द्या' असं पत्रक मी लिहिलं, बाबांनी छापलं, कुंभाराकडून मातीचे पसरट परळ आणले. चाचांनी प्रत्येक परळाबरोबर एक कागदी पुडी द्यायला सुरुवात केली. पाणी रोज बदलणं कोणाला परवडणार नाही, साचलेल्या पाण्यानं पाखरं आजारी पडतील, ही त्यांची काळजी. "चिमूटभर टाका," ते सांगायचे, "पानी खराब व्हत नाय, पाखरू बिमार पडत नाय." आम्ही सगळे खूश होतो. मला तर ती चळवळ वाटत होती. छावणीच्या गच्च्यांवरून ओळीनं ठेवलेले ते परळ दिसायचे आणि माझी छाती भरून यायची.

माझी मावसबहीण वैशालीताई एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ती विद्यार्थ्यांना घेऊन शहरातल्या पाखरांची विष्ठा तपासायचं काम करत होती. पाखरं रात्री कुठं बसतात हे चाचांइतकं कोणाला माहीत नसेल म्हणून मी तिला त्यांच्याकडं नेलं. तिचं काम ऐकून चाचा एवढे हसले की त्यांना खोकला आला. "अरे वा! आता कावळ्याच्या हगण्यावरबी डिगरी भेटते का? जुबेदा, सुन! नव्वद टक्के मार्कां तर अपने आंगन में पडे हैं." चाची आतून म्हणाली, "हौ, और झाडती मैं. डिगरी मेरेकू देव बोलो." मग त्यांनी वैशालीताईला खाम नदीच्या पुलाजवळची बगळ्यांची झाडं दाखवली, बाजारामागच्या घारी दाखवल्या, कचऱ्यावरच्या साळुंक्या दाखवल्या. स्वतः चिमटा धरून नमुने गोळा करून दिले. तुलनेसाठी तिनं शहरापासून दूर, फर्दापूरच्या पलीकडच्या डोंगरातूनही थोडे आणले होते.

काही दिवसांनी तिनं आम्हाला कॉलेजात बोलावलं. काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवलेले होते, दुधावर साय धरावी तसा पातळ थर. थरावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या. ताईनं समजावलं, "औषध लागू पडलं की टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल कडं दिसतं. हे बघा, हे डोंगरातल्या पाखराचं." त्या बशीत प्रत्येक टिकलीभोवती चंद्राला खळं पडावं तसं कडं होतं. "आणि हे आपल्या शहरातलं." त्या बशीत टिकल्यांना जंतू अगदी चिकटून वाढले होते. कुठं कडंच नव्हतं. चाचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "म्हंजी दवा लागंना?"

"यातली बरीचशी लागत नाहीत."

"पन ती बगळी तर चांगली हायत. उडायलीत, खायलीत."

"पाखरू ठणठणीतच असतं चाचा. जंतू त्याच्या पोटात मुक्काम करून असतात. ते गच्चीवर घाण करतं, परळात करतं, मग ते जंतू आपल्या हाताला लागतात, पोटात जातात. एखाद्या दिवशी आपण आजारी पडतो आणि डॉक्टरांचं औषध चालत नाही." ती पुढं म्हणाली, "पाखरांचा दोष नाही यात. आपलं सांडपाणी, दवाखान्यांचं पाणी, कोंबड्यांच्या शेडमधली घाण, अर्धवट सोडून कचऱ्यात टाकलेल्या गोळ्या... ती आपल्याजवळ राहतात, आपलंच उष्टं खातात. औषध जितकं जास्त आणि जितकं अर्धवट वापरावं, तितके हे जंतू त्याला निर्ढावतात."

चाचांनी टिकल्यांकडं बोट केलं. "ह्यात पिवळी कोनती?"

ताईनं दाखवली. शहरातल्या एकाही बशीत तिच्याभोवती कडं नव्हतं. चाचा तिथल्या स्टुलावर बसले. मी ताईला डोळ्यांनी खुणावत होते, आता पुरे म्हणून. ती घाईनं म्हणाली, "हे आमचं छोटं काम आहे चाचा, यावरून मोठं काही सिद्ध होत नाही. तुमच्या पुडीमुळंच झालं असं तर कोणीच म्हणू शकत नाही." चाचांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, मला कळलं नाही.

माझ्या अंगात मात्र त्या संध्याकाळी वारं शिरलं. मला शत्रू सापडला होता! सांडपाणी तसंच सोडणारी यंत्रणा, औषधं भरभरून विकणारा बाजार, नफ्यासाठी कोंबड्यांना दाण्यासारखी औषधं चारणारे शेडवाले. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि चाचांना वाचून दाखवायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्याच्यात मी कुठंय?"

"तुमचं काय त्यात? तुमची चिमूट कुठं आणि ते नाले कुठं."

"नाला माज्या हातात नाय बेटा. पुडी मी माज्या हातानं दिली."

"पण चाचा, तुम्ही चांगल्या हेतूनं..."

"मंग काय झालं? जंतूला हेतू कळतो का?"

मला राग आला. माझ्या पत्रकात एका बाजूला ते शत्रू होते आणि दुसऱ्या बाजूला आपण होतो. त्यांच्या रांगेत हा म्हातारा स्वतःहून जाऊन उभा राहत होता आणि माझी सगळी मांडणी विस्कटत होता. शेवटी मी म्हटलं, बरं, तुमचंही छापते. तर म्हणाले, "छापू नको. पर्चा वाचून कोनी पुडी परत देत नाय. घरात जावं लागंल."

आणि ते गेले. पायजम्यावर इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. मी बरोबर होते. पहिल्याच दारात त्यांचा आवाज बसला. जन्मभर ज्या दारात लोकांनी त्यांना 'या डॉक्टरसाब' म्हणून खुर्ची दिली, त्या दारात ते उभ्या उभ्या म्हणत होते, "मी चुकीचं सांगितलं होतं. पुडी वापस द्या. परळ रोज घासा, थोडंच पानी ठेवा, पन साधं ठेवा." लोक हसले. काहींना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पानटपरीवरचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "क्या चाचा, कंपनी का कमिशन बंद हो गया क्या?" त्याचे मित्र खिदळले. मी उलटून बोलणार होते. चाचांनी माझा हात दाबला. "बोलू दे. त्याच्या गच्चीवर बी आपलाच परळ हाय." एका घरातल्या आजी तर भडकल्या. "मंग आमी इतके दिस पुन्य केलं का पाप? ते एकदा सांगून टाका!" चाचांनी पिशवीचं तोंड उघडून त्यांच्यापुढं धरलं. मला ती जागा सोडून पळून जावंसं वाटलं. चाचांची लाज वाटत होती. आज लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते.

गल्लीच्या टोकाला शांताबाईंचं घर होतं. मुलगा कारखान्यात, सून घरी, आणि नातू नुकता चालायला लागलेला. चाचांनी पुडी मागितली तशी शांताबाई म्हणाल्या, "संपली की वो. तुमी तर येकच देता. आमी दुकानातून आनली दुसरी."

"एवढी? परळ तर एकच हाय तुमचा."

"ड्रमात बी टाकतो ना."

चाचांना आधी नीट ऐकू आलं नसावं. "कशात?"

"प्यायच्या पान्याच्या ड्रमात. लई दिस साठवून ठिवावं लागतंय पानी. पाखराच्या पान्यात टाकायची, मंग आमच्या लेकरांनी काय घोडं मारलंय?" त्या अगदी सरळ बोलत होत्या. त्यात त्यांचं काय चुकलं? पाणी आठ-आठ दिवस ड्रमात राहतं, ते खराब होऊ नये ही त्यांचीही काळजी. चाचांनीच सांगितलेलं त्यांनी एक पाऊल पुढं नेलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, गल्लीतल्या आणखी काही घरांत हेच चाललं होतं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला.

तेवढ्यात सून बाळाला घेऊन बाहेर आली. बाळ उतरलेलं होतं. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला होता, ताप हटत नव्हता. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं आणि शेवटी दवाखान्यात ठेवून सुया दिल्या, तेव्हा कुठं उतार पडला होता. सून हे सहज सांगत होती, बाळाला खांद्यावर थोपटत. चाचांचा चेहरा मी पाहिला. मग ते उंबऱ्यावर खाली बसले आणि बाळाच्या पायाला हात लावला... मोठ्या माणसाच्या पायाला लावावा तसा. शांताबाई घाबरल्या. "अवो भाईजान, हे काय करता!"

"हे पानी फेकून द्या," चाचा म्हणाले.

"फेकून? अन् पिऊ काय? अजून नळ यायला लई टाइम हाय!"

चाचा उठले, घरी गेले, आणि मला म्हणाले, "हंडा घे." त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ड्रममध्ये पाणी होतं, दोन माणसांनी पोटाला चिमटा घेऊन वाचवलेलं. चाचीनं आम्हाला हंडे भरताना पाहिलं. "ये क्या चल रहा?" चाचांनी सांगितलं. चाची ड्रमसमोर आडवी उभी राहिली. "शहर में हजार गटारां हैं, उनकू कोई नहीं पूछता, और तुमकू मेरा पानी दिखा?" मी मनात म्हटलं, अगदी माझंच पत्रक. चाचा हळू आवाजात म्हणाले, "वो गटारां के पास लोगां मेरे भरोसे पे नहीं गये थे, जुबेदा." चाची बाजूला झाली. तिनंच तांब्या घेऊन तिसरा हंडा भरायला घेतला. आम्ही भर उन्हात त्या गल्लीतून हंडे नेत होतो, लोक दारात येऊन बघत होते, आणि शांताबाईंच्या मोरीतून पिवळसर पाणी वाहून जात होतं. दुष्काळात पाणी ओतून टाकणारा माणूस गल्लीनं पहिल्यांदाच पाहिला. ती बातमी मात्र पसरली. ड्रममध्ये पुडी टाकणं त्या दिवसानंतर बऱ्याच घरांत बंद झालं.

वैशालीताईनं त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं. त्या बाळाचे जंतू कुठून आले हे कोणीही सांगू शकत नाही, ते कुठूनही आलेले असू शकतात. चाचा म्हणायचे, "व्हय, तू म्हन्ती तर तसंच आसंल." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन निघायचे. घारींना टाके ते घालत राहिले, पण उकळलेल्या पाण्यानं जखम धुऊन, आणि औषधाची गरज दिसली तर दवाखान्यातल्या पशुवैद्यांकडं पाठवून. लोक मात्र त्यांच्याकडं पाखरं आणेनासे झाले. ज्या डॉक्टरनं स्वतःच्या औषधाला वाईट म्हटलं, त्याच्याकडं कोण जाणार? चाचांना सगळ्यात जास्त त्रास याचा व्हायचा की कोंबड्यांच्या औषधाच्या दुकानात लोक 'चाचावाली पुडी' म्हणून ती मागायला लागले होते. त्यांचं नाव त्यांना सोडायला तयार नव्हतं. एकदा मला म्हणाले, "बेटा, आदमी आपला हात मागं घेऊ शकतो. नाव कसं घ्यायचं?" मी काहीतरी मोठं उत्तर दिलं होतं. आता ते मला आठवतही नाही.

चाचा जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळीसाव्याच्या दिवशी गल्लीतल्या तरुण मुलांनी चाचांच्या स्मरणार्थ परळ वाटले. मुलं भली आहेत, वर्गणी काढून केलं सगळं, हिंदू-मुसलमान दोन्ही होते. प्रत्येक परळात चाचांचा छोटा फोटो लावलेली प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत पिवळी पावडर. मी पुढं होऊन बोलायला लागले. गटारं, बाजार, शेडवाले, जंतू... चांगलं तासून बोलत होते. एक मुलगा नम्रपणे म्हणाला, "दीदी, आज नको. आज चाचांचा दिवस आहे." टाळ्या झाल्या आणि वाटप सुरू झालं. मी बाजूला जाऊन उभी राहिले. एवढी पत्रकं लिहिणारी मी, आणि ज्या एका माणसाचं म्हणणं मला पोचवायचं होतं, त्याच्याच नावानं ते माझ्या डोळ्यांदेखत पुसलं जात होतं.

चार दिवसांनी मी चाचीला भेटायला गेले. मला वाटलं होतं ती पडून असेल. ती ओढणी नीट करून बाहेर निघायच्या बेतात होती. चाचा असेपर्यंत ती कोणाच्या दारात कधी गेली नव्हती, आणि इद्दत, म्हणजे विधवेनं घरातच काढायचे चार महिने दहा दिवस, पुरी होण्याआधी बाहेर पडू नये असं तिला नणंदा सांगत होत्या. "अल्लाह से मैं बात कर लूंगी," ती मला म्हणाली. "चल. तू लिखना जानती, मैं बोलना जानती."

पहिलं दार नव्या इमारतीतलं होतं, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीबाहेर जिथं पूर्वी बाभळी होत्या. तिथं राहणारी नवी सून चाचांना कधी भेटलेलीही नव्हती. परळ तिला वाटपात मिळाला होता. पुडी परत मागितल्यावर ती गोंधळली. "पण ती पाखरांच्या डॉक्टरांची आहे ना? फोटो आहे त्यावर."

"मैं उसी डॉक्टर की बीवी," चाची म्हणाली. "वो गलत थे बेटी. खुद बोलके गये."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं, हे खरं का म्हणून. मी फक्त "हो" म्हटलं. ती आत गेली, पुडी घेऊन आली, आणि उन्हातून आलेल्या म्हातारीसाठी ग्लासभर पाणीही घेऊन आली. चाचीनं ग्लास तोंडाजवळ नेला आणि थांबली. तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला. पाण्यात अगदी फिकट, सांगितल्याशिवाय दिसणार नाही अशी पिवळसर झाक होती. तिनं त्या मुलीकडं बघितलं. मुलगी खाली बघायला लागली, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तीन उन्हाळे एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

चाचीनं ग्लास बाजूला ठेवला. जिन्याच्या पायरीवर बसली आणि शेजारी हात थोपटून तिला जागा दाखवली. "बैठ. शरमाव नक्को," ती म्हणाली. "पहले मेरे घर का सुन." आणि तिनं आपल्या नवऱ्याची गोष्ट त्याच्या चुकीपासून सांगायला सुरुवात केली.